खांद्याच्या उंचीवरचा फवारा

माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्या घरात पहिली काळजी निघाली ती आंघोळीची. मी सासरी गेल्यावर मायला आंघोळ कोण घालणार?

साठ सालच्या आसपासची गोष्ट. बोरी अरबच्या बाजाराला पायी जाऊन दुपारपर्यंत परत येता येईल, इतक्या अंतरावर आमचं गाव. घरात आम्ही तिघंच. बाबा, माय आणि मी. मायनं चाळिशी नुकतीच ओलांडली होती, पण संधिवातानं तिचे दोन्ही हात गेल्यात जमा होते. बोटं तळव्याकडे वळली ती वळलीच. हात खांद्याच्या वर जात नसे. जेवायला बोटांच्या वळणात चमचा अडकवून घ्यायची. लुगडं कसंबसं गुंडाळायची, वेळ लागायचा, पण कोणाला जवळ येऊ द्यायची नाही. तांब्या मात्र तिला उचलता येईना. मी तेरा वर्षांची झाले तेव्हापासून तिची आंघोळ माझ्याकडे आली. रोज सकाळी मी तिला न्हाणीत पाटावर बसवायची, पाणी घालायची, पाठ घासायची, अंग पुसायची.

आणि रोज ती मान खाली घालून बसायची. आंघोळ होईपर्यंत एक शब्द बोलत नसे. मी पहिल्यापासून चिडकी. घाईत असले की म्हणायची, "माय, थोडी सरक नं वं, पाठीले हात पोचत नाही." ती सरकायची. पोटच्या पोरीसमोर उघडं बसणं तिला किती जड जात असेल, हे मला त्या वयात कळलं नाही. खरं सांगते, पुढेही फार वर्षं कळलं नाही.

लग्न ठरल्याची सुपारी फुटली त्याच आठवड्यात शेजारची काकू येऊन म्हणाली, "पोरगी गेली त काय झालं, मी घालत जाईन तुले आंघोळ. माया हात काय झिजून राह्यले?" माय हसून बरं म्हणाली. ती गेल्यावर मात्र बाबांना म्हणाली, "दोन दिस घालन. तिसऱ्या दिशी गावभर सांगन माया अंगाची गोठ. मले नाही पाह्यजे. केस धुवून दे म्हना शुक्रवारी, केसाले कोनी हात लावला त चालते. अंगाले नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "आपल्या हातानं न्हाता आलं पाह्यजे मले. तेवढंच पाह्यजे."

तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "फवारा लावू."

जमिनीच्या मोजणीच्या कामानं बाबा कधीतरी डाकबंगल्यावर गेले होते. तिथल्या चौकीदारानं त्यांना साहेबाची न्हाणी दाखवली होती. भिंतीतून आलेला नळ, डोक्यावर पितळेचा फवारा, खाली उभं राहून चावी फिरवायची की झालं. तांब्या नको, बादली नको. ते चित्र त्यांच्या डोक्यात बसलं होतं. आमची न्हाणी म्हणजे परसात दोन फरश्या टाकलेल्या आणि तीन बाजूंनी तुराट्यांचा कूड, शेणामातीनं लिंपलेला. वर आभाळ. नळ तर अख्ख्या गावात नव्हता. हे मी बोलून दाखवलं. बाबा म्हणाले, "तू शिकलेली हायस म्हनून का मले शिकवतं?" मी सातवी पास होते.

आम्ही दोघं मोटारीनं यवतमाळला गेलो. लोखंडी सामानाच्या दुकानात दुकानदारानं तीन फवारे काढून समोर ठेवले. एक लहान, वाटीएवढ्या तोंडाचा. दुसरा मधला. तिसरा चांगला ताटलीएवढा, चकचकीत, भोकं तर मोजवत नव्हती. दुकानदार भला माणूस होता. त्यानं विचारलं, "टाकी कितीक उंच हाय तुमची?"

बाबांना वाटलं, हा आपल्याला टाकी नाही म्हणून हिणवतो आहे. म्हणाले, "टाकीचं मी पाहून घेतो जी. तुमी फवारा दाखवा."

"तसं नाही हो. तोंड जेवढं मोठं, तेवढा पान्याले जोर पाह्यजे. टाकी उंच नसन त हा लहानच घ्या."

मी बाबांची बाही ओढली. पण बाबांनी मोठ्या फवाऱ्यावर बोट ठेवलं होतं. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "तुया मायनं पाच वर्सं अर्ध्या-अर्ध्या तांब्यानं आंघोळ केली. आता भरपूर पानी पडू दे तिच्या अंगावर." आम्ही ताटलीएवढा फवारा कागदात गुंडाळून घेऊन आलो, सोबत नळाचा एक तुकडा आणि गोल चावी.

गावच्या सुतारानं न्हाणीत चार मेढी रोवून माचा उभा केला, कारण कुडाला एवढं वजन पेलणं शक्यच नव्हतं. माच्यावर पत्र्याचा ड्रम, ड्रमच्या बुडातून नळ, नळाला फवारा. माचा जेमतेम पुरुषभर उंच झाला. फवारा त्याच्या खाली हातभर आला, म्हणजे बरोबर मायच्या टाळूवर. बाबांनी शिडीवरून ऊन पाणी ओतलं आणि बाहेर गेले. माय आधी उभ्यानंच चावीशी झटली. चावी तिच्या बोटांनी फिरेना. मनगटानं ढकलून पाहिली, तळव्यानं पाहिली. शेवटी तिला पाटावर बसवून मीच फिरवली.

अर्धी भोकं कोरडी राहिली. उरलेल्यांतून पाणी आलं ते सरळ धारा धरून तिच्या डोक्यावर. तिला हात वर नेऊन तोंड पुसता येईना, मेढींमुळे बाजूला सरकताही येईना. मी चावी बंद करेपर्यंत केस पार भिजले होते. अंग मात्र निम्मं कोरडंच.

मी तिला पुसलं, तिनं लुगडं गुंडाळलं आणि मी तिला केस वाळायला ओट्यावर उन्हात आणून बसवलं. त्या दिवशी बुधवार होता.

आमच्याकडे बायका रोजची आंघोळ खांद्यावरून करायच्या. डोक्यावरून पाणी घ्यायचं ते मंगळवारी नाहीतर शुक्रवारी. मधल्याच वारी एखादी वयाची सवाष्ण ओले केस मोकळे सोडून ओट्यावर दिसली, की बघणाऱ्याला एकच अर्थ माहीत. कुठून तरी मरणाची खबर आली आहे आणि हिनं सुतकाचं पाणी घेतलं आहे. बाबा पुरुषमाणूस, त्यांचं डोकं रोज भिजायचं, त्यांना नाही सुचलं तर समजू शकते. पण मी बाई असून मला सुचू नये? आजही ते आठवलं की माझाच मला राग येतो.

काकू तोंडाला पदर लावूनच आली. "कोन गेलं वं?"

"कोनी नाही गेलं," माय म्हणाली. "फवारा लावला."

फवारा म्हणजे काय हे काकूला माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिनं मायकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या लग्नाला महिनाभर उरला आहे हे मनात आणलं आणि उठून गेली. संध्याकाळपर्यंत गावात झालं, की यांच्यात मयत झाली आहे आणि लग्न पुढं जाऊ नये म्हणून लपवून राह्यले.

आठवड्याच्या बाजारातून ही गोष्ट दारव्ह्याजवळच्या माझ्या होणाऱ्या सासरी पोचली. चौथ्या दिवशी तिकडचे दोन वडीलधारे दारात उभे. नवऱ्या मुलाचे काका आणि गावातले एक पाटील. मी पाण्याचे तांबे नेऊन ठेवले. त्यांनी हात लावला नाही. सुतकाच्या घरचं पाणी कोणी पीत नाही. बाबांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "आमच्या घरी कोनी मेलं नाही जी," ते म्हणाले. काका म्हणाले, "आमी कुठं म्हनतो? पन मंग बाईंनी आडवारी डोक्यावरून पानी काहून घेतलं?"

बाबांनी त्यांना परसात नेलं. मी मागून पाहत होते. माझ्या बापानं त्या दोन पाहुण्यांसमोर धोतरासकट फवाऱ्याखाली मायच्या पाटावर बसून चावी फिरवली. पाणी डोक्यावरून, मिशांवरून गळायला लागलं. त्याच पाण्यात बसून त्यांनी सांगितलं, की माझ्या बायकोचे हात गेलेले आहेत, तिला तांब्या उचलत नाही, पोरगी तुमच्या घरी येणार म्हणून हे लावलं. पाटील आधी हसले, मग त्यांनीच हात लांबवून चावी बंद केली. काकांनी मान खाली घातली. ओट्यावर परत आल्यावर दोघांनीही तांबे उचलून पाणी प्यायलं. लग्न ठरल्या तिथीलाच होणार होतं.

माझा जीव भांड्यात पडला. आत गेले तर माय भिंतीकडे तोंड करून बसलेली.

"दोन परके मानसं माया न्हानीत उभे होते," ती म्हणाली. "माया हाताची गोठ आता तुया सासरी गेली. तू तिथं पाय ठेवायच्या आधी."

"त काय झालं वं? खोटं का हाय ते?"

"खोटं नाही म्हनून त लाज वाटते."

बाबा आले तेव्हा तिनं स्पष्ट सांगितलं. "काढून टाका तो. मी त्याच्याखाली बसत नाही. पोरगी गेल्यावर ओल्या फडक्यानं जमन तेवढं अंग पुसत जाईन." बाबांनी रागानं फवारा काढला आणि गुरांच्या कोठ्यात फेकला. राग तिच्यावर नव्हता. मी तिला पूर्वीसारखी तांब्यानं आंघोळ घालत राहिले. दिवस मोजायला लागले होते. तीन आठवडे उरले. ओल्या फडक्यानं उन्हाळा काढणार, पावसाळा काढणार, तेही स्वतःच्या हातानं पाठीपर्यंत पोचता येत नसताना. रात्री अंथरुणात पडल्यावर मला वाटायचं, नकोच हे लग्न. पण ते बोलून दाखवायची आमच्यात रीत नव्हती.

वाट काढली ती तांड्यावरच्या एका बंजारा बाईनं. शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटायला ती दरवर्षी यायची, मायला याडी म्हणायची. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई, जरी वयानं ती मायएवढीच होती. परसात पाणी प्यायला आली आणि रिकामा ड्रम माच्यावर बघून विचारायला लागली. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि स्वतःच्या डोक्याला हात लावला. कानांजवळ केसांत गुंफलेले चांदीचे जड दागिने, त्यावरून ओढणी.

"हे पाह्य," ती म्हणाली. "आमी हे महिना महिना सोडत नाही. मंग आमी काय न्हातच नाही? पानी खांद्यावरून घेतो. तुमी डोक्यावर कायले टांगलं? याडी बसते न? बसल्यावर तिचा खांदा कुठं येते, तिथं लावा."

इतकी साधी गोष्ट. डाकबंगल्यावरचा साहेब उभा राहून न्हातो म्हणून आम्ही फवारा उंच टांगला होता. आमच्या न्हाणीत माणूस बसून न्हातो, हे आमच्या तिघांच्याही ध्यानात आलं नाही.

पुढच्या बाजारी मी एकटी बोरीला गेले. तिथं डब्यांची, कंदिलांची भोकं झाळ देऊन बुजवणारा एक म्हातारा कारागीर बसायचा. त्याला मी मायचे हात कसे आहेत ते माझी बोटं वळवून दाखवलं. या वेळी लाजले नाही. त्यानं विचारलं, बोटांत जोर नाही, मनगटात आहे का? म्हटलं, आहे. खाली ओढता येतं का? येतं. मग त्यानं बागेला पाणी घालायच्या झारीचं एक तोंड शोधून काढलं, वाटीपेक्षाही लहान, बारीक भोकांचं. "याले थोडं पानी लागते अन् पसरते चांगलं," म्हणाला. चावी त्यानं काढूनच टाकली. त्याऐवजी ड्रमच्या बुडातल्या भोकावर बसणारा बाभळीच्या लाकडाचं बूच, खाली चामड्याची चकती, बुचाला दोरी. दोरी वर आडव्या दांडीवरून घेऊन खाली सोडायची, टोकाला मनगट जाईल एवढा फास. ओढला की बूच उचललं जातं आणि पाणी येतं. सोडला की बूच आपल्या जागी बसतं.

बाबांनी ते सगळं निमूटपणे बसवलं. मायला पाटावर बसवून मी तिच्या खांद्याशी मेढीवर कोळशानं खूण केली आणि त्याच्या वीतभर वर, तोंड तिरपं करून, झारीचा फवारा लावला. ड्रम होता तिथंच होता, पण फवारा खाली आला तसा पाण्याला जोर आला. बारीक धारा तिच्या खांद्यावर, पाठीवर, छातीवर पसरल्या. केसांना थेंब लागला नाही. पाठ घासायला मी मेढीला एक वाळलेलं घोसाळं बांधून दिलं. माय त्याला पाठ लावून हळूहळू डोलली आणि म्हणाली, "म्हशीवानी करून ठेवलं मले." पण ती हसत होती. न्हाणीत हसताना मी तिला पाच वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

पुढचे दहा दिवस तिनं सराव केला. आधी मी आत, मग मी कुडाबाहेर, तिच्या हाकेच्या अंतरावर. कधी फास मनगटातून निसटायचा, कधी साबण हातातून पडला की पायानं ओढून घ्यायची. मी आत जायला निघाले की आतून आवाज यायचा, "येऊ नको." एकदा फार वेळ काही ऐकू येईना म्हणून मी डोकावले, तर तिनं माझ्यावर असा आवाज चढवला, की मी पुन्हा ते धाडस केलं नाही.

हळदीचा दिवस आला. आमच्याकडे हळद उतरवताना नवरीला सवाष्णी न्हाऊ घालतात, पहिलं पाणी आईनं घालायचं. मायनं तांब्या कसा उचलायचा, म्हणून मामीनं पहिलं पाणी घालायचं असं बायकांनी आपसात ठरवूनही टाकलं होतं. मायला कोणी विचारलं नाही. परसात पाट मांडला, मामीनं तांब्या भरून घेतला. तेव्हा माय पुढं आली आणि म्हणाली, "इथं नाही. न्हानीत चाल. अन् तुमी साऱ्या बाहेर थांबा."

तिनं मला आपल्या पाटावर बसवलं. फासात मनगट घातलं आणि खाली ओढलं. ऊन पाणी माझ्या हळदीच्या खांद्यांवर आलं. तिच्या त्या वळलेल्या हाताच्या पाठीनं तिनं माझी पाठ चोळली, जमेल तशी, पुन्हा पुन्हा दोरी ओढून. "लय ऊन त नाही नं?" तिनं विचारलं. मी नुसती मान हलवली. मी लहान असताना ती मला कशी न्हाऊ घालायची, ते मला आठवत नव्हतं. आता हे आठवत राहील, एवढंच मनात येत होतं.

तो ड्रम एका माणसाच्या पाण्याचा. माझी हळद उतरली तेव्हा पाणी संपलं. तिची स्वतःची आंघोळ अजून व्हायची होती आणि वऱ्हाड येण्याची वेळ जवळ येत चालली होती. मी म्हटलं, "थांब माय, मीच घालतो तुले पटकन, तांब्यानं. आजच्या दिवस."

"नाही," ती म्हणाली. "तुया बापाले सांग, ड्रम भर म्हना."

बाबांनी मांडवातून येऊन, नव्या धोतरात, शिडीवर चढून पाणी भरलं. माय आत गेली आणि तिनं मनगटानं तुराट्यांचं दार ओढून घेतलं. पाहुण्या बायका मला आत बोलवत होत्या, केस विंचरायचे होते, पिवळं लुगडं नेसायचं होतं. मी कुडाबाहेरच उभी राहिले. आतून पाणी सुरू झाल्याचा आवाज आला, थांबल्याचा आला, घोसाळ्यावर पाठ घासल्याचा आला, पुन्हा पाणी. एकदाही तिनं मला हाक मारली नाही. इतके दिवस मी हेच मागत होते आणि आता ते समोर होतं, तर मला भयंकर रडू आलं. तिला पुसायला म्हणून आणलेलं कोरडं लुगडं माझ्या हातातच राहिलं.